एका खोलीतली इंग्रजी

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाविषयी मी दोन शब्द बोलावेत, अशी अध्यक्षाबाईंची आज्ञा आहे. सातवी शिकलेल्या बाईने इंग्रजीवर बोलावे याचे कोणास हसू आले तर खुशाल यावे. मी इंग्रजीवर बोलणार नाही, लेकरांवर बोलणार आहे. शिकवतात त्या आपल्या बाई. मी नुसती वर्गात बसते, हजेरी घेते, भांडणे सोडवते. पण बसल्या ठिकाणाहून बरेच काही दिसते.

काही आयांचे म्हणणे आहे, की या वर्गाचे दोन वर्ग करावेत. हुशार मुले एका खोलीत, कच्ची दुसऱ्या खोलीत. त्यांची अडचण खरी आहे. ज्या मुलाला पाच वाक्ये लिहिता येतात त्याने 'कॅट' आणि 'बॉल' किती दिवस घोकावे? पुढच्या बैठकीत हा ठराव येणार आहे. त्यावर हात वर करण्यापूर्वी माझे ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

एका खोलीत निरनिराळ्या तयारीची मुले बसणे औशाला नवे नाही. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. घरी मराठी बोलणारी पोरे शाळेत उर्दूतून शिकत, आणि ज्याच्या घरी उर्दू त्याच्याच शेजारी बसत. आता उर्दूच्या जागी इंग्रजी आली, इतकेच. 2000 साली महाराष्ट्र सरकारने मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. पुढे 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा आला. जे मूल कधी शाळेतच गेले नाही, त्यालाही वयाप्रमाणे वर्गात बसवावे, असे तो सांगतो. कायदा चांगलाच आहे. मागे राहिलेले शिकवून घेण्यासाठी जादा शिकवणीही त्यात सांगितली आहे. पण आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली पोर उन्हाळ्याच्या तोंडी परत येते, तेव्हा वर्गाचे पुस्तक संपत आलेले असते. ती वर्गात बसते, पण धडा पुढे निघून गेलेला असतो.

आता आपल्या वर्गात कोण कोण आहे ते पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुले आहेत, फी भरून इंग्रजी शाळेत जाणारी आहेत, उर्दू शाळेतल्या मुली आहेत, तांड्यावरची दोन भावंडे आहेत. यांतली हुशार कोणती आणि कच्ची कोणती? मलाही आधी वाटे की सोपे आहे. इंग्रजी शाळेतली पुढे, बाकीची मागे.

एके दिवशी बाईंनी फळ्यावर आठवडी बाजाराचे चित्र काढले. कांदे, टोमॅटो, तराजू, पिशवी. मग म्हणाल्या, एकाने विकायचे, एकाने घ्यायचे, बोलायचे इंग्रजीत. इंग्रजी शाळेतला एक मुलगा तोंडपाठ कविता धडाधड म्हणतो; पण 'हाऊ मच?' असे समोरून विचारल्यावर तो गप्प उभा राहिला. आणि जिची आई भाजी विकते, जिला अजून इंग्रजी अक्षरे धड लावता येत नाहीत, ती पोर म्हणाली, 'फॉर्टी रुपीज. नो, नो, नॉट थर्टी!' सगळा वर्ग हसला. व्याकरण काय असेल ते असो, सौदा मात्र पुरा झाला.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की वाचणारा वेगळा, बोलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. उर्दू शाळेतल्या मुलींची वही उलट बाजूने उघडते, त्यांचा हात उजवीकडून डावीकडे चालतो. म्हणून इंग्रजी अक्षरे काढताना त्या सुरुवातीस हळू असतात, 'बी' आणि 'डी'मध्ये चुकतात. पण 'झू' आणि 'झेब्रा' त्या जितके स्वच्छ म्हणतात, तितके आपल्या मुलांना येत नाही. कारण तो आवाज त्यांच्या घरच्या बोलीत आहे. तांड्यावरची मुले घरी गोरबोली बोलतात, शाळेत मराठी शिकतात. त्यांना इंग्रजी ही तिसरी. परकी भाषा कानावर पडली की ती बावरत नाहीत, तोंडाकडे पाहून अर्थ काढतात. आपली मराठी मुले मात्र 'आय स्कूल गो' म्हणतात, कारण आपण क्रियापद शेवटी ठेवतो. ही चूक खोलीतल्या हुशारांचीही आहे बरे!

मग या मुलांची एकच रांग लावून मध्ये रेघ कोठे मारावी?

मुंबईत आणि बडोद्यात 'प्रथम' या संस्थेने बालसखीचे काम केले, ते या बाबतीत पाहण्यासारखे आहे. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुलींना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरावीस मुले दिली. शाळेच्या वेळातले सुमारे दोन तास त्या वेगळ्या बसवून वाचन आणि गणित शिकवीत. ते इंग्रजीचे काम नव्हते, हे मी आधीच सांगते. 2001 ते 2003 या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी त्याची पाहणी केली. या दोघांना पुढे 2019 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना आढळले, की बालसखीकडे बसलेली मुले चांगली पुढे गेली.

कोणी म्हणेल, मग झालेच की, वेगळे बसविल्यानेच फायदा झाला! झाला, पण ती मुले दोन तास वेगळी बसत आणि पुन्हा आपल्या वर्गात येत. त्यांना कायमचे काढून टाकले नव्हते. आणि जे येत नव्हते तेच त्यांना शिकविले. आपल्या ठरावात मूल एकदा कच्च्यांच्या खोलीत गेले की बाहेर कधी येणार, याची काही सोय नाही. त्यातून मुलगी असेल तर घरची माणसे लगेच म्हणणार, हिला जमत नाही, बसू दे घरी. हे आपल्याला नवीन आहे का?

आपण घरी कसे करतो? वरण एकच शिजवतो. लहानग्याचे फोडणीआधी काढून ठेवतो, सासऱ्यांना बेताचे तिखट, बाकीच्यांना झणझणीत. तीन चुली कोणी पेटवीत नाही. आपल्या बाई आता तसेच करतात. धडा एक, बाजाराचाच. नवख्यांनी चित्रावर बोट ठेवून नावे सांगावीत. मधल्यांनी भाव विचारावा आणि सांगावा. पुढच्यांनी पाच ओळी लिहून सर्वांना वाचून दाखवाव्यात. मग अर्धा तास वेगवेगळी टोळकी बसतात; वाचनाचे टोळके निराळे, बोलण्याचे निराळे, आणि दर पंधरवड्यास ती बदलतात. भाजीवालीची पोर बोलण्यात वरच्या टोळक्यात असते, अक्षरांत खालच्या. तिला त्याचे काही वाटत नाही.

इंग्रजी शब्दाखाली मराठी अक्षरांत उच्चार लिहावा की नाही, यावर आमचा वाद झाला. माझे मत, पहिले काही दिवस लिहू द्यावा. मग त्यावर पट्टी ठेवून वाचावयास लावावे. नाहीतर मूल मराठीच वाचत राहते.

मोठ्याने लहानास शिकवणे ही तर आपली जुनी रीत. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री होते. देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहून त्यांनी ती रीत उचलली, आणि मुलांकडूनच मुलांना शिकविले. 1797 साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक काढले. आपले धुळाक्षर विलायतेस गेले म्हणावयाचे! मात्र हुशार मुलास आपण रोजचा फुकटचा मास्तर करू नये. दहा मिनिटे त्याने शिकवावे, मग त्याला त्याचे अवघड पुस्तक द्यावे. त्याच्या आईची तक्रार तेवढ्यापुरती बरोबर आहे.

यासाठी काय पाहिजे? दुसरा एक फळा, सतरंजी, मोठ्या मुलांसाठी गोष्टीची चार इंग्रजी पुस्तके, आणि रोज संध्याकाळी तासभर बसणाऱ्या दोन बायका. त्यांना इंग्रजी येण्याची गरज नाही. मूल बोट ठेवून वाचते आहे की नुसते घोकते आहे, हे ऐकणाराला कळते. ज्यांना जमेल त्यांनी आज जाण्यापूर्वी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.