फोन कुणाच्या हातात आहे?

(परभणी येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय तो असा : फेसबुक, ब्लॉग आपण वापरतोच, त्यांच्या जोडीला आपोआप जाणाऱ्या ईमेलचा संघटनेला काय उपयोग? हे ऐकून गंगाखेडच्या एका मैत्रिणीने सकाळीच विचारलं, "ताई, पण इथं ईमेल वाचतं कोण?" प्रश्न अगदी रास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर तीन बायकांमागे एकीनेच कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. खेड्यात चारांत एकीने. पुरुषांमध्ये मात्र निम्म्याहून जास्त. आकडे आता वाढले असतील, पण घरात एकच चांगला फोन असेल तर तो कुणाच्या खिशात असतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

तरीही ईमेल टाकाऊ नाही. आपल्या अंकाच्या वर्गणीदार, पुण्या-मुंबईच्या देणगीदार, परभणीतून शिकून नोकरीला बाहेर गेलेल्या मुली, या सगळ्या ईमेल वाचतात. पत्ता यादीत घातला की स्वागताचं पत्र आपोआप जातं, वर्गणी संपायच्या महिनाभर आधी आठवण जाते, देणगीची पावती जाते. पूर्वी आम्ही दोघी-तिघी बसून पोस्टकार्डं लिहायचो, पत्ते चिकटवायचो, त्यात दोन-दोन दिवस जायचे. ते दिवस वाचले, हे मी आनंदाने कबूल करते. शिवाय फेसबुकवर तुम्ही लिहिलेलं कुणाला दाखवायचं ते कंपनी ठरवते. उद्या पान बंद पडलं तर माणसंही गेली. पत्त्यांची यादी मात्र आपल्या कपाटातली असते. ब्लॉगचं काम आणखी निराळं : तिथे जुने लेख, निवेदनं, मोर्चाचे वृत्तांत शोधणारीला वर्षांनंतरही सापडतात.

न विचारता धाडलेल्या ईमेल-जाहिरातीचं पहिलं उदाहरण म्हणून १९७८ सालचं सांगतात. अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीने सुमारे चारशे जणांना एकदम पत्र धाडलं, आणि लोक चिडले. विकणाऱ्यांनी काढलेली ही वाट आहे, हे वापरताना लक्षात असू द्या.

आता आमची चूक सांगते. आमच्या केंद्रात तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांचे नंबर आम्ही इतर सभासदांच्याच यादीत घातले होते. तारखेच्या आदल्या दिवशी आठवणीचा संदेश आपोआप जायचा. एका बाईने नंबर दिला होता तो घरातल्या फोनचा. संध्याकाळी संदेश गेला, नवऱ्याने वाचला. दुसऱ्या दिवशी ती तारखेला आली नाही. आठ दिवसांनी माहेरच्या माणसांबरोबर आली तेव्हा तिचा हात गळ्यात होता. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आम्ही गावोगाव समजावून सांगत होतो, आणि तिच्या घरात तिची बातमी आम्हीच पोचवली होती. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला नंबर कळतो, फोन कुणाच्या हातात आहे ते कळत नाही. ते आम्हाला कळायला हवं होतं.

चांगलंही उदाहरण आहे. केंद्र सरकारची 'किलकारी' योजना महाराष्ट्रात २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोन येतो, असे एकूण ७२. आवाज ऐकायचा असतो, त्यामुळे अक्षर ओळखायची गरज नाही. पण नंबर नवऱ्याचा असेल आणि तो रानात गेला असेल तर? आपल्याकडची जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिकडे नंबर बदलतो, रेंज नसते. सर्वांत जास्त गरज असते तिलाच तो आवाज ऐकू येत नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत २०२५ मध्ये हेच दिसलं. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी मागितला, आणि विधवा, टाकलेल्या बायका अडकल्या.

त्या प्रकारानंतर आम्ही नंबर घेतानाच विचारतो : फोन तुझाच का? आणखी कोण वाचतं? कोणत्या वेळी केला तर चालेल? आणि उत्तर नंबरासमोर लिहून ठेवतो. तक्रारदार बाईचं नाव कोणत्याही आपोआप जाणाऱ्या यादीत घालत नाही. तिला कार्यकर्तीच फोन करते, किंवा आठवडी बाजारात गाठते. वेळखाऊ आहे, पण ते काम यंत्रावर सोपवण्यासारखं नाही.

यादीतून नाव काढायची सोय प्रत्येक ईमेलखाली हवी. आमच्यातल्या काहींना ते रुचलं नाही, "कष्टाने जोडलेली माणसं अशी का सोडायची?" म्हणाल्या. मला वाटतं, जिला नको तिला जाऊ द्यावं. रोज पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांना जीमेलने २०२४ पासून ही सोय सक्तीची केली. आपण एवढे मोठे नाही, पण सक्तीची वाट कशाला पाहायची? फोनवरच्या नको त्या जाहिराती थांबवायला १९०९ हा क्रमांक आहे. २०२५ च्या मे महिन्यापासून असे संदेश ज्या नावाने येतात त्याच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं : पी म्हणजे जाहिरात, जी म्हणजे सरकारी. एवढं बचतगटाच्या बैठकीत शिकवलं तरी योजनेच्या नावाने येणाऱ्या खोट्या संदेशांवर पटकन विश्वास बसणार नाही. अर्थात जी दिसला म्हणून ओटीपी सांगायचा नाही, तो कुणालाच सांगायचा नाही.

आणखी एक. निवडणुकीच्या तोंडावर आमच्याकडे बचतगटांच्या याद्या मागायला माणसं आली. गोड बोलली, सतरंज्या देतो म्हणाली. बायकांनी नंबर दिला होता तो आम्हाला, म्हणून आम्ही नाही म्हटलं. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला, त्यातही माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती संमती धरली आहे. दुसऱ्या दिवशी तीच माणसं शेजारच्या गावातल्या एका गटाकडे गेली, आणि तिथे वही मिळाली.

जेवणाच्या सुट्टीनंतर आपण आपापल्या वह्या उघडणार आहोत. प्रत्येकीने आपल्या यादीतल्या पहिल्या दहा नावांसमोर फोन कुणाचा आहे ते लिहायचं. जिथे माहीत नाही तिथे रिकामं सोडा, अंदाजाने लिहू नका.