सव्वा युनिटात अख्खी रात्र: कॅम्परव्हॅनमधल्या बॅटरीचा हिशेब

आज रस्त्यांबद्दल नाही, गाडीत सीटखाली बसलेल्या डब्याबद्दल बोलायचंय. बॅटरी. इंजिन सुरू करणारी नव्हे, दुसरी; दिवे, पंखा, फ्रिज, मोबाइल जिच्यावर चालतात ती.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पार्किंग, पाणी, विजेचा प्लग अशी सोय असलेल्या जागांची त्यात कल्पना आहे. छान आहे. पण आपल्याला जिथे थांबावंसं वाटतं तिथे प्लग नसतो. धरणाचा काठ, कोकणातला सडा, परवानगी घेऊन कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत. तिथे जी वीज आहे ती तुम्ही सोबत आणलेली.

ती किती असते? तुमच्या फोनवर ५००० एमएएच लिहिलेलं असतं. व्होल्टेज धरून हिशेब केला तर ते होतात साधारण १९ वॉट-अवर. गाडीतली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, १२.८ व्होल्टची, म्हणजे १२८० वॉट-अवर. ऐकायला दणदणीत वाटतं ना? आता घरचं लाइट बिल काढा. त्यावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. म्हणजे ती महागडी बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट! घरी एसी लावून दुपारी जरा पडलात की तेवढं उडतं.

आता कुणी म्हणेल, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरीच टाकू की गाडीत. नको. डिस्टिल्ड वॉटर घालायची ती बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडतो, आणि तुम्ही बंद डब्यात तिच्या शेजारी झोपणार. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर घटतं. नावाला १२०० वॉट-अवर, वापरायला ६००. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग पडते, पण ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येते.

आमच्या गाडीत हा हिशेब इतका काटेकोर का झाला ते सांगतो. माझ्या बाबांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत श्वास अडतो, म्हणून रात्रभर सीपॅप मशीनचा मास्क लावावा लागतो. कोकणात जाऊ म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, ‘मशीन कुठे लावणार? तुम्ही जा.’ त्यामुळे आमच्याकडे प्रश्न फोन चार्ज राहण्याचा नव्हता. पहाटे तीनला वीज संपली तर चालणार नव्हतं.

तर मी एका दिवसाचा खर्च मांडला. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॉट घेतो, पण तो थांबत-थांबत चालतो. दिवसभरात दहा तास धरले तर ४५०. पंखा २० वॉट, दहा तास, २००. दिवे ५०. चार फोन १००. पाण्याचा पंप मिनिटभरच चालतो, सोडून द्या. बाबांचं मशीन ह्युमिडिफायर बंद ठेवून साधारण ३० वॉट, आठ तास, २४०. बेरीज १०४०. म्हणजे ढगाळ दिवस आला तर बॅटरी एक दिवस पुरते, दुसऱ्या संध्याकाळी राम म्हणते.

यातली मोठी बचत ह्युमिडिफायरमध्ये निघाली. पाणी गरम करणारी ती ताटली आणि गरम नळी चालू केली की मशीनचा खर्च दुपटीच्या वर जातो. कोकणातली हवा मुळातच दमट. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले घसा कोरडा पडत नसेल तर बंद ठेवा. आधी घरीच चार रात्री तसं झोपून बघितलं, मग निघालो. तुमच्या घरी कुणाचं असं मशीन असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करा, गाडीत पहिल्यांदा प्रयोग नको.

दुसरी बचत म्हणजे इन्व्हर्टर. १२ व्होल्टचे २३० करणारा तो डबा नुसता चालू असला तरी दहा-वीस वॉट खात बसतो. १५ धरा, गुणिले २४ तास, ३६०. बाबांच्या रात्रीपेक्षा जास्त, आणि बदल्यात काय मिळालं? एक हिरवा दिवा. म्हणून मशीनसाठी थेट १२ व्होल्टवर चालणारा अ‍ॅडॉप्टर घेतला, फोन-लॅपटॉप १२ व्होल्टच्या यूएसबी सॉकेटवर. इन्व्हर्टर फक्त मिक्सरला, काम झालं की बंद.

इंडक्शन? १५०० वॉट, वीस मिनिटं, ५०० वॉट-अवर. पोह्यांसाठी फ्रिजचा अख्खा दिवस. शिवाय १२ व्होल्टवर तेवढी ताकद ओढायची म्हणजे वायरमधून सव्वाशे अँपिअरच्या वर करंट. स्वयंपाक गॅसवर, खिडकी उघडी ठेवून. एसीचा विषय या बॅटरीवर काढूच नका.

आता टक्केवारी. फोन सांगतो ४३ टक्के, आपण विश्वास ठेवतो. गाडीत स्वस्त व्होल्टमीटर असतो आणि लिथियमच्या बाबतीत तो जवळपास निरुपयोगी. भरलेल्या बॅटरीचा आकडा १३.३ च्या आसपास, बरीच रिकामी झाली तरी १३ च्या घरात, आणि मग एकदम कडा. त्यासाठी शंट बसवायचा. बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला हा तुकडा आत गेलेला आणि बाहेर पडलेला करंट मोजत राहतो आणि ब्लूटूथने फोनवर टक्के दाखवतो. माझ्या मते पॅनल वाढवायच्या आधी पैसे इथे घाला.

तो आला आणि आमचा नियम ठरला. रात्री मशीन आणि पंखा मिळून ४४०, म्हणजे बॅटरीचे ३५ टक्के. तळाशी १५ सोडायचे. म्हणजे झोपताना ५० हवेतच. फ्रिज रात्रभर चालवायचा तर ६५. दहा वाजता आकडा त्याखाली असेल तर फ्रिज बंद, चर्चा नाही. आई सुरुवातीला दुधावरून कुरकुरली. मग तिनेच उपाय काढला: दुपारी ऊन चढलं की फ्रिज जास्त थंड करायचा, पाण्याच्या दोन बाटल्या गोठवायच्या. रात्री झाकण उघडलं नाही तर सकाळपर्यंत दूध टिकतं. सोलरची दुपारची वीज बर्फात साठवली की! फोन, लॅपटॉप, पॉवर बँक हेही सगळं बारा ते तीनमध्येच चार्ज करायचं.

सोलरचं थोडक्यात. २०० वॉटचं पॅनल टपावर आडवं असेल तर स्वच्छ उन्हात दिवसाला ७०० वॉट-अवरच्या आसपास धरा. पॅनलच्या कोपऱ्यावर माडाच्या एका झावळीची सावली पडली तरी उत्पादन धाडकन खाली येतं. गाडी उन्हात लावली तर आतली माणसं भाजतात. यावर उपाय म्हणजे जाड वायर लावलेलं सुटं पॅनल. गाडी सावलीत, पॅनल उन्हात. पावसाळ्यात मात्र सोलरच्या भरवशावर घाटात जाऊ नका.

तेव्हा कामाला येतं इंजिन. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तासाभराच्या ड्रायव्हिंगमध्ये ४०० वॉट-अवर भरतो. दोन बॅटऱ्या नुसत्या वायरने जोडू नका. रिकामी लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो, आणि अनेक नव्या बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज कमी करतो. आणि हो, फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच हवा. स्पिती-लडाखला जाणार असाल तर लक्षात ठेवा, शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नसते.

एवढं करूनही बाबांच्या मशीनसाठी ३०० वॉट-अवरचं वेगळं छोटं पॉवर स्टेशन आम्ही सोबत ठेवतो, पूर्ण भरलेलं, कुणीही त्यावर फोन लावायचा नाही. भाच्याने एकदा केबल खुपसली होती, बाबांनी स्वतः उपटली.

आतापर्यंत सलग चार रात्री प्लगशिवाय झाल्यात, देवगडच्या बाजूला, जानेवारीत. पाचव्या दिवशी वीज होती, पाणी संपलं होतं. पाण्याचा हिशेब पुढच्या एपिसोडमध्ये.