पात्याची खोली आणि पाटीचे अक्षर



बेळगावची बाजारपेठ घ्या किंवा पुणे-बंगळूर महामार्गावरील निपाणी घ्या, दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरील नाव, शाळेचा सूचनाफलक आणि ग्रामपंचायतीचा नामफलक यांवरील अक्षरे आता बहुधा कुंचल्याने रंगविलेली नसतात. ती व्हिनाईलच्या चिकट पत्र्यातून यंत्राने कापलेली असतात. या व्यवसायास आपल्याकडे सर्रास ‘रेडियमचे काम’ म्हणतात. वास्तविक या पत्र्यात रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते. रात्री चमकणाऱ्या पत्र्यात बहुधा काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात व ते दिव्याचा प्रकाश आल्या दिशेने परत पाठवितात.

संगणकाच्या आज्ञेनुसार व्हिनाईल कापणारी यंत्रे १९८०च्या दशकात अमेरिकेतील गर्बर कंपनीने पाटीच्या धंद्यात रूढ केली. पुढे संगणक स्वस्त झाले आणि एका लहान खोलीत एक यंत्र मांडून उपजीविका करणे तालुक्याच्या गावीही शक्य झाले. तथापि या धंद्याचा एक मोठा आधार अलीकडे सुटला आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी उत्पादकामार्फतच येते. साहजिकच नंबरप्लेटचे हमखास काम कमी झाले आणि दुकानदाराची भिस्त पाट्या, नावे व फलक यांवर आली. अशा स्थितीत वाया गेलेला प्रत्येक हात पत्रा त्याच्या मजुरीतून वजा होतो. हा पत्रा वाया घालविणारा सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे कापाची असमान खोली.

कापाचे गणित

व्हिनाईलचा पत्रा तीन थरांचा असतो. वर रंगीत पापुद्रा, मध्ये चिकट द्रव्य आणि खाली गुळगुळीत पाठीचा कागद. साध्या पत्र्याचा पापुद्रा सुमारे ७० ते ८० मायक्रॉन जाड असतो. एका मिलिमीटरमध्ये १००० मायक्रॉन असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे काम किती नाजूक आहे याची कल्पना येईल. पात्याने पापुद्रा व चिकट द्रव्य पूर्ण कापावे. पाठीच्या कागदावर मात्र केवळ पुसटशी रेघ उमटावी. काप उथळ पडला, तर नको असलेला भाग सोलताना अक्षरही सोबत उचलले जाते. काप खोल गेला, तर पाठीचा कागद फाटतो व अक्षर फलकावर नेताना कागदाचे तुकडे त्यास चिकटून येतात.

दाब वाढविणे हा उपाय नव्हे

कोठे तरी अक्षर नीट कापले गेले नाही की यंत्रचालकाचा हात प्रथम दाबाच्या कळीकडे जातो. येथेच खरी चूक होते. साध्या पत्र्यास सर्वसाधारणपणे ८० ते १२० ग्रॅमच्या आसपास दाब पुरतो. तो वाढविला म्हणजे उथळ जागी काप पुरा होतो हे खरे. पण जेथे काप आधीच बरोबर होता, तेथे पाते कागद भेदून खालच्या पट्टीत रुतते. ही पट्टी टेफ्लॉनसारख्या मऊ पदार्थाची असते आणि पात्याचा गाडा आयुष्यभर तिच्याच वरून धावतो. पट्टीत चर पडला की त्या जागी पत्र्यास खालून आधार उरत नाही व तेथे पुढचा काप उथळ येतो. मग दाब आणखी वाढविला जातो आणि चर आणखी खोल होतो. अशा रीतीने तात्पुरता दोष कायमचा होऊन बसतो.

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या कारागिरास ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. काम सरळ उतरले नाही तर तो हत्यार अधिक जोराने रेटीत नाही; हत्याराची धार, त्याची बैठक आणि कामाची पकड या तिन्ही गोष्टी तो आधी तपासतो. व्हिनाईलच्या यंत्रासही हाच न्याय लागू आहे.

दोष कोठे आहे, ते दोषच सांगतो

काप कोठे बिघडतो याचे नीट निरीक्षण केले, तर निम्मे निदान तेथेच होते. उथळ जागा दिसताच पत्रा पाचेक सेंटिमीटर बाजूस सरकवून तोच नमुना पुन्हा कापावा. दोष यंत्राच्या त्याच जागी राहिला, तर पट्टी किंवा दाबरूळ तपासावेत. दोष पत्र्याबरोबर सरकला, तर पत्राच सदोष समजावा. अरुंद पत्रे नेहमी एकाच टोकास लावण्याची सवय असेल, तर पट्टी त्या टोकास अधिक झिजते. मग रुंद पत्रा लावताच त्या बाजूची अक्षरे कच्ची येतात. अशा वेळी पट्टी बदलावी. तिचा खर्च वाया गेलेल्या पत्र्याच्या मानाने थोडा असतो.

आरंभी चांगला असलेला काप काही दिवसांत हळूहळू उथळ होत गेला, तर पात्याची धार गेली आहे असे समजावे. चमकणारा पत्रा कापल्यास धार लवकर जाते, म्हणून त्यासाठी निराळे पाते राखून ठेवणे हिताचे. काप एकाएकी बिघडला, तर पात्याचे टोक तुटले आहे काय, हे भिंगाने पाहावे.

रेषेचा आरंभ कच्चा व पुढचा भाग बरोबर, असे आढळले तर वेग कमी करावा. दोन्ही कडांच्या कापात फरक पडत असेल, तर पत्रा धरून ठेवणारे दाबरूळ सारख्या जोराने बसले आहेत काय आणि यंत्र समतल मेजावर आहे काय, हे पाहावे.

लिपीचीही परीक्षा

सीमाभागातील फलकावर कन्नड, मराठी व इंग्रजी ही तिन्ही अक्षरे शेजारी शेजारी नांदतात आणि प्रत्येक लिपी यंत्राचा वेगळा दोष उघड करते. मराठी नाव पत्र्याच्या रुंदीत मांडले असता शिरोरेखा कापताना गाडा पट्टीवरून लांबवर आडवा सरकतो. पट्टीतील खड्डे त्या रेषेत लगेच दिसतात. कन्नड अक्षरे वळणदार. ती कापताना पात्यास होल्डरमध्ये सतत मोकळेपणी फिरावे लागते. होल्डरमध्ये पत्र्याचा कीस वा चिकट द्रव्य साठले, तर पाते अडखळते, वळणावर काप कच्चा राहतो आणि वर्तुळाची दोन टोके जुळत नाहीत. यास्तव होल्डर उघडून वेळोवेळी स्वच्छ करावा.

देवनागरीबाबत आणखी एक सावधगिरी हवी. अनेक टंकांत प्रत्येक अक्षर आपली शिरोरेखा घेऊन येते व शेजारच्या शिरोरेखेवर थोडे चढते. संगणकावर ही अक्षरे एकसंध जोडून घेतली नाहीत, तर प्रत्येक सांध्यावर यंत्र आडवा छेद देते. नवशिका यास पात्याचा दोष समजतो. वस्तुतः तो दोष मांडणीचा असतो व पाते कितीही बदलले तरी जात नाही.

पावसाळ्यातील काळजी

सह्याद्रीच्या जवळ असल्याने बेळगाव परिसरात पावसाळा दमदार असतो. निपाणीच्या विडी कामगार भगिनी पान कापण्यापूर्वी ते भिजवून मऊ करतात, कारण कोरडे पान कापताना फाटते. व्हिनाईलचे नेमके याउलट आहे. त्याचा पाठीचा कागद हवेतील ओल शोषतो, फुगतो आणि पत्र्यास लाटा येतात. लाटांमुळे काप कोठे खोल पडतो, तर कोठे उथळ. म्हणून गुंडाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवावी. गारठ्यातून आणलेला पत्रा काही तास खोलीत राहू द्यावा आणि मगच यंत्रावर चढवावा.

क्रम पाळावा

दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा. प्रथम होल्डर स्वच्छ करावा व पाते पाहावे. नंतर पाते होल्डरबाहेर किती आले आहे, ते तपासावे. पापुद्रा व चिकट द्रव्य यांच्या एकत्र जाडीहून ते किंचितच अधिक असावे. त्यानंतर पट्टी व दाबरूळ पाहावेत. दाबाची पाळी सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर वर्तुळ व त्याच्या आत चौकोन असा लहान नमुना कापावा. सोलताना वर्तुळ सुटले, चौकोन जागीच राहिला आणि कागदावर पुसट रेघ दिसली, म्हणजे काप साधला. हा नमुना पत्र्याच्या डाव्या, मधल्या व उजव्या अशा तिन्ही जागी कापावा. केवळ एका कोपऱ्यात घेतलेली चाचणी फसवी ठरते. ज्या पत्र्यास जो दाब व वेग मानवला, तो दुकानातील वहीत तारखेसह नोंदवावा.

फलक करवून घेणारे सरपंच, मुख्याध्यापक व अधिकारी यांचाही यात वाटा आहे. काम ताब्यात घेताना अक्षरांच्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात. कडा दातेरी असतील किंवा उचललेल्या असतील, तर त्यांत धूळ व पाणी शिरून अक्षर अकाली सुटण्याचा संभव असतो. त्याचबरोबर ‘आत्ताच्या आत्ता करून द्या’ असा तगादाही लावू नये. चाचणीसाठी लागणारी दहा मिनिटे कारागिरास मिळाली पाहिजेत. शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशा दुकानात नेऊन हा तिहेरी नमुना दाखविल्यास, कारण शोधल्यावाचून उपाय करू नये, हा विज्ञानाचा पहिला धडा त्यांना पुस्तकाबाहेरही मिळेल.