ताऱ्यांची टंचाई, सूर्याची उधळण



क्ष-किरण अंगातून आरपार जातात, एवढे आपल्याला दवाखान्यातून ठाऊक असते. आकाशातून येणाऱ्या क्ष-किरणांना मात्र आपले वातावरणच वाटेत गिळून टाकते. त्यामुळे ते मोजायचे तर वर जाण्यावाचून गत्यंतर नाही. १८ जून १९६२ रोजी खगोलशास्त्रज्ञ रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रॉकेट सोडले. चंद्रावरून क्ष-किरण येतात का, हे त्यांना पाहायचे होते. सापडला तो वृश्चिक राशीतला प्रखर स्रोत. सूर्यासारखा तारा इतक्या दुरून दिसणार नाही, हा तोवरचा हिशेब चुकीचा नव्हता. पण हा स्रोत सूर्यासारखा नव्हताच. शेजारच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेणारा तो न्यूट्रॉन तारा निघाला.

ताऱ्यांच्या बाबतीत खरी अडचण टंचाईची. फोटॉन येतात ते एकेकटे, मोजूनच घ्यावे लागतात. शिवाय साध्या आरशावर समोरून पडले, तर ते परावर्तित होतच नाहीत. तळ्यात चपटा दगड आडवा भिरकावला की तो भाकऱ्या काढत जातो, वरून टाकला की बुडतो, तसेच हे. म्हणून आरसा किरणांना जवळजवळ समांतर धरायचा. २८ सप्टेंबर २०१५ला अवकाशात गेलेल्या आपल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरची मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांची दुर्बीण याच तत्त्वावर चालते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तिच्यासाठी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर सोन्याचा मुलामा चढवून आरसे घडवले गेले. एकात एक बसवलेली अशी ४० कवचे, एकूण ३२० आरसे! एवढा खटाटोप कशासाठी? एका कवचावर फार थोडे किरण सापडतात, म्हणून.

सूर्याकडे वळलो की सगळे उलटे. तिथे नुसती मोजणी करायला आरसे वगैरे काही नको; उलट प्रकाश कमी कसा करायचा, हीच विवंचना. ‘चांद्रयान-२’वर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने दिलेला सौर क्ष-किरण मापक आहे. मोठी सौरज्वाला उठली की त्याच्या खिडकीसमोर बेरिलियमची पट्टी आपोआप सरकते, म्हणजे मोजणी कोलमडत नाही. ‘आदित्य-एल१’ या सूर्याच्या अभ्यासासाठीच्या यानावरच्या ‘सोलेक्स’ या मापकाने दुसरी युक्ती केली : दोन शोधक, एकाची खिडकी मोठी, दुसऱ्याची अगदी बारीक. सूर्य शांत असताना पहिला कामाचा, खवळला की दुसरा. मला ही साधी युक्ती फार आवडते. बुद्धिमत्ता नेहमी मोठ्या आरशातच असते असे नाही.

सभागृहात विज्ञानाचे विद्यार्थी बरेच दिसतात. त्यांना एकच सांगणे : ‘ॲस्ट्रोसॅट’ची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात, आणि ती वापरायला मदत करणारा कक्ष पुण्यातच, ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत आहे. सुट्टी लागली आहे, तर एखादा तारा निवडा आणि त्याचे फोटॉन मोजायला बसा.