टक्के, पण कशाचे?



संयोजकांनी मला ‘आयटीतली वीस वर्षं’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. तो विषय मी बदलून घेतला. आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेलं वर्षभर काय चाललंय ते आठवा. कोणाच्या आईचा खुबा मोडला, कोणाच्या सासूबाईंची पाठ धरली, आणि त्याखाली लगेच कोणीतरी टाकतं, ‘हाडांच्या गोळ्या घेऊ नका, जबडा सडतो.’ अशाच भीतीपोटी मी एक चूक केली आहे. ती आज सांगते. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. आपल्या वर्गातले दोन डॉक्टर समोर बसलेत. माझं काही चुकलं तर त्यांनी हात वर करावा.

माझी आई इथेच, वाईत राहते. २०२१ च्या पावसाळ्यात ती मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हा ती ७१ वर्षांची होती. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी डेक्सा करायला सांगितलं. ही हाडांची घनता मोजायची साधी तपासणी, सुई वगैरे काही नाही. त्यात टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. निरोगी तरुण माणसाच्या सरासरीपेक्षा आपली हाडं किती विरळ झालीत, ते तो सांगतो. उणे १ पर्यंत ठीक. उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली. आईचा मणक्याचा आकडा उणे ३.१ होता. डॉक्टरांनी अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याला एक गोळी लिहून दिली, जोडीला कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व.

मी गोळ्यांच्या खोक्यातला कागद उलगडला. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत भरलेला. अन्ननलिकेला जखम, जबड्याचं हाड निर्जीव होणं, मांडीचं हाड फारसा मार न लागता मोडणं. हाडं सांभाळायच्या गोळीनं हाड मोडतं, हे वाचून मी घाबरले. आईला फोन केला, “आत्ता थांबूया. कॅल्शियम घे, नाचणी खा, उन्हात बस. गोळीचं पुढं बघू.”

आई म्हणाली, “तू शिकलेली. तू म्हणशील तसं.”

डॉक्टरांना मी परत काही विचारलंच नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तिनं पितळेचा डबा उचलला आणि पाठीत कळ आली. एक्स-रेत मणका दबलेला दिसला. पुढचे तीन महिने तिला कूस बदलतानाही कोणाचा तरी हात लागायचा. नंतर ती उभी राहिली, पण फळीवरच्या ज्या डब्याला तिचा हात सहज पोचायचा, तो आता पोचेना. तिची उंची कमी झाली होती. ती मला एका शब्दानं काही बोलली नाही. तो डबा मीच खालच्या फळीवर ठेवला.

गोळी घेतली असती तर मणका वाचलाच असता, असं मी म्हणू शकत नाही. गोळी घेणाऱ्यांचेही मणके मोडतात. माझी चूक वेगळी होती. घेण्याचे धोके कागदावर छापलेले असतात. न घेण्याचे धोके कोणी छापून देत नाही. त्यामुळे न घेणं म्हणजे काहीच न करणं असं आपल्याला वाटतं. ऑफिसात मी मुलांना नेहमी सांगते, सुरक्षेचं अपडेट पुढं ढकललंत तर तोही निर्णयच आहे, त्याचे परिणाम लिहून काढा. घरी मात्र मी एकच बाजू वाचली.

मग मी दोन्ही बाजू मांडायला बसले, तेव्हा आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. बाई, तुम्ही समोर आहात म्हणून सांगते. मी उत्तरात ‘५० टक्के’ लिहिलं की तुम्ही विचारायचात, “टक्के, पण कशाचे?” आणि अर्धा मार्क कापायचात. तो अर्धा मार्क मला तीस वर्षांनी उपयोगी पडला.

या गोळीचा एक मोठा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. आधीच मणका मोडलेल्या २,०२७ बायका त्यात होत्या, म्हणजे माझ्या आईसारख्याच. सुमारे तीन वर्षांत काय झालं? खोटी गोळी घेणाऱ्या १०० बायकांपैकी १५ जणींचा नवा मणका मोडला. खरी गोळी घेणाऱ्या १०० पैकी ८ जणींचा. खुब्याच्या बाबतीत हे आकडे २.२ आणि १.१. आता कोणी सांगेल, खुबा मोडण्याचा धोका निम्म्यावर आला. दुसरा म्हणेल, शंभरात एकीचाच फायदा झाला. दोघंही खरं बोलतात. म्हणून विचारायचं, टक्के कशाचे?

आता तोट्याची बाजू. आपलं हाड आयुष्यभर थोडं थोडं मोडून नव्यानं बांधलं जात असतं. पाळी गेल्यावर मोडणं वेगानं होतं आणि बांधणं मागं पडतं. ही गोळी मोडण्याचा वेग कमी करते. पण वर्षानुवर्षं तो कमी ठेवला तर बारीक भेगांची दुरुस्तीही मंदावते, आणि मांडीचं हाड मोडण्यामागे बहुधा हेच कारण असावं. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सुमारे १ लाख ९६ हजार बायकांची माहिती तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा हिशोब असा: १०,००० गोऱ्या बायकांनी तीन वर्षं या गटातलं औषध घेतलं तर खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची अशी २ होतात. आशियाई वंशाच्या बायकांमध्ये टळणारी ९१ आणि होणारी ८. म्हणजे आपल्याकडच्या बायकांनी हा धोका हसण्यावारी नेऊ नये. पण ९१ आणि ८ यांतला फरकही नजरेआड करू नये. जबड्याचा त्रास होतो, पण हाडांच्या ठिसूळपणासाठी देतात त्या डोसला तो फार क्वचित होतो. दात काढायचा असेल तर तो आधी काढून घ्यावा.

मांडीचा धोका जितकी जास्त वर्षं औषध घ्याल तितका वाढतो आणि थांबवल्यावर लवकर उतरतो. म्हणून साधारण पाच वर्षांनी डॉक्टर पुन्हा हिशोब करतात आणि धोका कमी असेल त्यांना औषधातून सुट्टी देतात. पण एक लक्षात ठेवा, हा नियम सगळ्या औषधांना लागू नाही. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन मनानं बंद केलं तर मिळवलेली घनता झपाट्यानं जाते आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. ते थांबवताना पाठोपाठ दुसरं औषध द्यावं लागतं. कोणाच्या घरी हे इंजेक्शन चालू असेल तर पुढची तारीख चुकवू नका.

हे सगळं मी वहीत दोन रकान्यांत लिहिलं आणि यावेळी आईसमोर ठेवलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “मला जबड्याची भीती नाही गं. अंथरुणात दुसऱ्याच्या हातून सगळं करून घ्यायची भीती आहे. ते तीन महिने पुन्हा नकोत.” हाडं तिची, पण पहिल्या वेळी मी हे तिला विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी क्रिएटिनिन आणि डी जीवनसत्त्व तपासून २०२३ मध्ये गोळी सुरू केली. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकू नये आणि नीट शोषली जावी म्हणून. चहा अर्धा तास उशिरा, हाच तिला सगळ्यात मोठा दुष्परिणाम वाटतो. मोरीत मी धरायला दांडा बसवला, रबरी मॅट टाकली, रात्रीचा दिवा लावला. दुसऱ्या डेक्सात आकडा थोडा सुधारला, फार नाही. नवीन काही मोडलेलं नाही. मांडीत किंवा जांघेत दुखलं तर लगेच सांगायचं, हे तिला पाठ आहे.

आपल्या वयाच्या मैत्रिणींनो, चाळिशीत बहुतेकींना या गोळीची गरज नसते. धोकाच लहान असेल तर त्याचा निम्मा भाग वाचवून फारसं काही हाती लागत नाही. आपल्यासाठी चालणं, थोडं वजन उचलणं, पोटभर डाळी-उसळी, आणि घरात कोणी मिश्री लावत असेल तर ती सोडवणं. पण बाई, तुमच्यापैकी कोणी उभ्या उभ्या पडून हाड मोडलं असेल, किंवा दम्या-संधिवातासाठी बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर डेक्सा करून घ्या. सर, पुरुषांनाही हे होतं.

आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. माझ्यासारख्या शंभरजणांत औषध न घेता किती जणांचं हाड मोडेल? घेतलं तर किती जणांचं? आणि हे औषध कधी, कसं थांबवायचं?

बाई, आता पूर्ण मार्क द्याल अशी आशा आहे.