स्वागताध्यक्षीय भाषण: मदतीला मर्यादा कोण घालणार?

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर आणि दिवाळखोरी कायद्याच्या या परिषदेला आलेल्या वकील, सनदी लेखापाल व प्राध्यापक मित्रांनो,

स्वागत समितीच्या वतीने मुंबईत आपले मनःपूर्वक स्वागत. आजचा विषय अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीचा असला, तरी तिची आणि या शहराची ओळख जुनी आहे. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्यातल्या प्रीमियर कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज-प्लायमथची जुळणी होई, पुढे तिथेच फियाट तयार होऊ लागली. २००९ मध्ये क्रायस्लरचा कारभार याच फियाटकडे गेला आणि ही सोयरीक जमवली अमेरिकी सरकारने.

डिसेंबर २००८ मध्ये वाहन कंपन्यांना कर्ज देण्याचे विधेयक सिनेटमध्ये अडले. आठ दिवसांत अध्यक्ष बुश यांनी ‘वित्तीय संस्थां’साठी मंजूर झालेल्या निधीतून १७.४ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. ओबामांनी तीच वाट पुढे नेली. ३० एप्रिल २००९ रोजी क्रायस्लर दिवाळखोरी न्यायालयात गेली. तारणधारक धनकोंचे येणे होते ६.९ अब्ज डॉलर, पदरात पडले २ अब्ज. कामगारांच्या आरोग्य निधीचे येणे विनातारण, तरी नव्या कंपनीत निम्म्याहून अधिक हिस्सा त्याला मिळाला.

इंडियानातल्या शिक्षकांचे आणि पोलिसांचे पेन्शन फंड न्यायालयात गेले. मोटारींचा कारखाना वित्तीय संस्था कशी, हा त्यांचा सवाल. सरकारची बाजूही पोकळ नव्हती: दुसरे गिऱ्हाईक नव्हते आणि कंपनी मोडीत काढली असती तर धनकोंना याहून कमी मिळाले असते. ९ जूनला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली, दुसऱ्या दिवशी व्यवहार उरकला. डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाने व्यवहाराला मान्यता देणारा अपिलातला निकाल पुसून टाकला, पण वादात आता अर्थ उरला नाही म्हणून. मूळ सवाल तसाच राहिला.

याउलट, १९५२ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयात ६ विरुद्ध ३ मतांनी तो हुकूम रद्द झाला होता. जप्ती आली की मालक स्वतःच कोर्टात धावतो. थैली घेऊन आलेल्या सरकारला मात्र कंपनी दारातून हाकलत नाही. भांडावे लागते ते धनकोला, आणि तेही घड्याळाशी.

आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने कंपनी मोडीत निघाल्यावर कोणाला आधी द्यायचे, हे कलम ५३ मध्ये लिहून ठेवले आहे. सरकारची थकबाकी त्यात तारणधारकांच्या खाली येते. पण उद्या सरकार थकबाकी मागायला न येता पैसा ओतायला आले, तर त्या क्रमाची राखण कोण आणि किती दिवसांत करणार, याचा खल इथे व्हावा, ही विनंती.

व्यवस्थेत काही उणे दिसले तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. पुन्हा एकदा आपले स्वागत करतो आणि सूत्रे अध्यक्षांकडे सोपवतो.