सेवेच्या दारात धर्म विचारू नये
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस त्रिवार वंदन करून आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. आम्ही गिरणी कामगार. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण युनियनच्या ऑफिसात आणि ह्या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झालं. तेव्हा बोलण्यात उणंअधिक झालं तर सांभाळून घ्यावं.

आज आम्हाला आपल्या अभ्यासिकेविषयी बोलायचं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसं, त्यात पोराने अभ्यास करायचा कुठं? म्हणून आपण वर्गणी काढून अभ्यासिका उभी केली. हळूहळू पलीकडच्या चाळीतली मुलंही येऊ लागली. त्यात एक मुसलमान मुलगी होती, बारावीची. संध्याकाळी वंदना सुरू झाली की ती वही घेऊन बाहेर पायरीवर बसायची आणि वंदना संपली की आत यायची. कोणाला काही त्रास नव्हता. पण कमिटीत विषय निघाला की अभ्यासिकेत बसायचं तर त्रिसरण-पंचशील म्हटलंच पाहिजे, नाहीतर दुसरीकडं जावं. खोटं कशाला बोलायचं, पहिल्या बैठकीत आम्हीही हात वर केला होता. ही गोष्ट त्या मुलीच्या कानावर गेली आणि ती यायची बंद झाली.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आमची गिरणी थांबली ती थांबलीच. घरातला तांदूळ संपला. एका ठिकाणी धान्य वाटतात असं कळलं म्हणून रांगेत उभे राहिलो. तिथं पिशवी देण्याआधी त्यांच्या देवाचा जयजयकार करायला सांगत होते. आम्ही बावीस प्रतिज्ञा पाळणारे. पण घरी नातवंडं उपाशी होती. हात जोडले, म्हटलं, पिशवी घेतली. ते धान्य आम्ही खाल्लं, पण गोड लागलं नाही. आणि आता आम्ही त्या पोरीला तेच करायला सांगत होतो. तिथं धान्य होतं, इथं अभ्यासाची जागा. एवढाच काय तो फरक.

बंधूंनो, दार बंद होणं म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकात वाचावं लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा विटाळ होई. साचेखात्यात पगार जास्त, तोच आपल्याला बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर ते गेले ते काय नुसत्या पाण्यासाठी? जे सर्वांसाठी आहे ते सर्वांना मिळालं पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

तोच विचार त्यांनी राज्यघटनेत आणला. कलम २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं. कलम २८ सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती पाहिजे. आपल्या अभ्यासिकेला सरकारी मदत नाही, तेव्हा हे कलम आपल्याला लागू नाही, असं कोणी म्हणेल. कबूल. पण बाबासाहेबांची घटना आपण काय फक्त कायद्याच्या धाकाने पाळायची?

त्यांनी स्वतः काय केलं ते पाहा. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. नावं बौद्ध परंपरेतली, पण दार सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडं.

आणि तथागतांनी? उपाली नावाचा नालंदेचा एक श्रीमंत गृहस्थ निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा, अनुयायी होता. बुद्धांशी वाद करायला आला आणि त्यांचाच उपासक झाला. तेव्हा बुद्धांनी त्याला सांगितलं की तुझ्या घरी निगंठांना आजवर भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस. आपल्याकडं आलेल्या माणसालासुद्धा त्यांनी दुसऱ्याचं अन्न तोडू दिलं नाही.

एका वडीलधाऱ्यांनी आम्हाला विचारलं, "आपल्याच पोरांना जागा पुरत नाही, आणि आपल्याला कोण जागा देतं?" त्यांचा प्रश्न खोटा नाही. आजही आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारतात. पण दुसऱ्याने केलेला अन्याय मोजून आपण तेवढाच परत करायला लागलो तर धम्मदीक्षा घेऊन आपल्यात बदल काय झाला? जागेची अडचण आहे तर गरजेप्रमाणे वाटू. दहावी-बारावीवाले आधी, ज्याचं घर लहान त्याला आधी. धर्म विचारायची गरजच काय?

याचा अर्थ विहाराने आपली ओळख लपवावी असा नाही. मूर्ती इथंच राहील, बाबासाहेबांचा फोटो इथंच राहील, वंदना रोज ठरल्या वेळी होईल. धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य आपल्यालाही आहे. ज्याला बसायचं त्याने श्रद्धेने बसावं, ज्याला नाही त्याच्यावर सक्ती नसावी. सक्तीने म्हटलेलं पंचशील हे शील होत नाही.

दुसऱ्या बैठकीत आम्ही उभे राहून आपली चूक कबूल केली. चर्चा झाली, आवाज चढले, पण शेवटी ठराव मागे घेतला. महिला मंडळाच्या दोघी जणी त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या. तिच्या आईने चहा दिला, पण "बघू" एवढंच म्हणाली. मुलगी अजून आलेली नाही. मन मोडायला एक बैठक पुरली, जोडायला वेळ लागणार. तोवर तिची जागा कोणी भरू नये, एवढी आमची तरुणांना विनंती आहे.



नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!